वाळूच्या कणाएवढ्या सागरी शंखाच्या नव्या जातीचे वर्णन कसे करावे

हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कोणत्याही पुळणीवर ओहोटीच्या वेळी उकिडवे बसून पाहिले, तर लाटेने मागे सोडलेल्या रेषेत काळपट काटक्यांबरोबर शिंपल्यांचा बारीक चुरा साचलेला दिसतो. त्यातला चमचाभर चुरा वाळवून भिंगाखाली धरला, की ज्याला आपण वाळू समजत होतो त्यातले काही कण अख्खे शंख निघतात: कुणी मनोऱ्यासारखा, कुणी चकतीसारखा, कुणी हत्तीच्या सुळ्यासारखी वाकडी नळी. हे पिल्लांचे शंख असतील असे प्रथम वाटते आणि काही तसे असतातही. पण बरेचसे पूर्ण वाढलेल्या गोगलगायींचे असतात आणि त्यांची उंची पाच मिलिमीटरच्या पुढे कधी जातच नाही. न्यू कॅलेडोनियातील एका खाडीक्षेत्रात केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सागरी मृदुकाय प्राण्यांच्या २,७३८ जाती सापडल्या, आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश जातींचा प्रौढ आकार चार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी होता. आपल्या किनाऱ्यावर मोठ्या शंखांच्या याद्या अनेकदा झाल्या, परंतु चाळणीतून खाली पडणाऱ्यांकडे फार थोड्यांनी पाहिले आहे. त्यामुळे निनावी शंख हाती लागण्याची शक्यता खरी आहे. तो निनावी असल्याचे सिद्ध करणे मात्र वेळखाऊ आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याविषयी आहे.

सुरुवातीलाच शब्दांचा एक घोळ मिटवावा. वर्तमानपत्रे ज्याला ‘नवी प्रजाती’ म्हणतात त्याला मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत ‘जाती’ म्हणतात. ‘प्रजाती’ हा त्यावरचा गट आणि त्याच्याही वर ‘कुल’. येथे तीच परिभाषा वापरली आहे.

चुरा गोळा करणे

ओहोटीची वेळ काढण्यासाठी मोबाइलमधील तक्ते आहेतच, पण किनाऱ्यावरचा जुना हिशेबही पुरेसा चालतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास. उधाणाच्या या दिवसांत पाणी सर्वांत खाली जाते, पण उजेड कमी असतो. अष्टमीच्या आसपास भर दुपारी ओहोटी मिळते, तर भांगामुळे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असल्यामुळे, पाणी फारसे उतरत नाही. म्हणून पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. पावसाळा सोडावा, आणि दिवाळीनंतर समुद्र निवळला की कामाला लागावे.

पुळणीवरच्या रेषेतील चुरा सहज मिळतो, पण त्यातले शंख कुठून वाहत आले हे सांगता येत नाही. बंदरातील गाळ उपसून जवळपास टाकलेला असेल, तर परिस्थिती आणखी वाईट. त्याऐवजी खडकांच्या कपारीतील वाळू, समुद्री शेवाळाचे झुबके बादलीत हलवून तळाशी बसलेला गाळ, कांदळवनातील कुजक्या पानांखालचा चिखल, आणि मुळे किंवा तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्या काढणाऱ्या बायकांच्या टोपलीच्या तळाशी उरणारी खर हे नमुने अधिक मोलाचे ठरतात, कारण त्यांत जिवंत प्राणी मिळण्याची शक्यता असते.

मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ मध्ये घोषित झाले आणि सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे, वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय चिमूटभर वाळूही उचलू नये. इतरत्रही काही शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, याची माहिती आधी करून घ्यावी.

चुरा घरी आणून गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावा, म्हणजे मीठ निघते. मग तो दोन, एक आणि अर्धा मिलिमीटर जाळीच्या चाळण्यांतून क्रमाने काढावा. सुरुवातीला स्वयंपाकघरातील रव्याची व मैद्याची चाळण चालते, फक्त ती पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही हे घरी सांगून ठेवावे. चाळणी शंखाला उंचीवरून अडवत नाही, रुंदीवरून अडवते. दोन मिलिमीटर उंचीचा सडपातळ शंख अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीतूनही उभा निसटून जातो. म्हणून सर्वांत खालचा गाळ फेकू नये.

निवडण्याचे काम काळ्या कागदावर, स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली, तीन शून्य क्रमांकाच्या ओल्या कुंचल्याने करावे. चिमटा वापरू नये. पंखा बंद ठेवावा आणि शंखाच्या दिशेने उसासा टाकू नये. प्लॅस्टिकच्या डबीचे झाकण उघडताना घर्षणाने निर्माण झालेली वीज शंखाला उडवते; माझा एक अप्रतिम नमुना असाच झाकणाला चिकटला, तिथून उडाला आणि आजही बहुधा त्याच खोलीतील फरशीच्या फटीत आहे. काचेची छोटी कुपी वापरली तर हा प्रकार टळतो.

प्रत्येक कुपीत चिठ्ठी हवी, आणि ती शिसपेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई कोकणातल्या दमटपणात एका पावसाळ्यात पसरते. चिठ्ठीवर नुसते ‘रत्नागिरी’ लिहून भागत नाही. अक्षांश-रेखांश, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जागा किंवा खोली, तळ वाळूचा की जांभ्याचा की शेवाळाचा, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि शंख जिवंत मिळाला की रिकामा, एवढे सगळे त्या दीड इंचाच्या कागदावर बसवावे लागते.

हे बाळ तर नाही?

मी ज्याला पहिल्यांदा नवी जाती समजलो तो सव्वा मिलिमीटर रुंदीचा, चकतीसारखा चपटा, खाली खोल बेंबी असलेला एक चकचकीत शंख होता. तीन महिने त्याची चित्रे काढली, मापे घेतली, मनातल्या मनात नावही ठरवले. शेवटी मत्स्य महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांना दाखवायला नेला. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि विचारले, “याचा ओठ बघितलात का?” मी म्हणालो, “बघितला सर, पातळ आहे.” “पातळ असणारच. अहो, हे बाळ आहे. त्याच वाळूतले याच्याहून थोडे मोठे, मग त्याच्याहून थोडे मोठे, असे ओळीने लावून आणा.”

मी ओळ लावली. सव्वा मिलिमीटर, दोन, तीन, पाच, आणि ओळीच्या टोकाला पुळणीवर ढिगाने मिळणारा, बटणासारखा, गुलाबी-करड्या नक्षीचा, सेंटिमीटरभराचा शंख येऊन उभा राहिला. तो उंबोनियम वेस्टिॲरियम होता, ज्याला लिनियसने १७५८ मध्येच नाव दिले आहे. प्रौढ शंखात बेंबीवर कॅल्शियमची जाड गादी चढते आणि ती झाकली जाते. माझ्या बाळात ती गादी अजून व्हायची होती.

तेव्हापासून ही ओळ लावणे माझ्यासाठी पहिली पायरी आहे. एकाच ठिकाणच्या, एकाच घडणीच्या शंखांची लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावावी. ती एका मापाशी थांबत असेल आणि त्या मापाच्या शंखांचा बाहेरचा ओठ, म्हणजे तोंडाची बाहेरची कड, जाड झालेला, बाहेर वळलेला किंवा आतून दात फुटलेला असेल, तर तो शंख प्रौढ मानण्यास आधार मिळतो. रांग पुढे सरकतच राहिली, तर ती कुठे जाते ते पाहावे. काही कुलांत ओठ कधीच जाड होत नाही. तिथे मापांची ही रांगच काय तो पुरावा.

शिखर वाचणे

सूक्ष्म शंखाचे सर्वांत बोलके अंग म्हणजे त्याचे टोक. गोगलगाय अंड्यात किंवा पाण्यात तरंगणाऱ्या अळीच्या अवस्थेत असताना जो शंख तयार करते, तो पुढे आयुष्यभर शिखरावर टिकून राहतो. त्याला प्रोटोकॉंक म्हणतात. आपण आदिशंख म्हणू. त्यानंतर वाढलेला भाग म्हणजे टेलिओकॉंक. दोहोंची हद्द बहुधा स्पष्ट दिसते: एक बारीक कड असते, नक्षी अचानक बदलते किंवा पोत बदलतो.

आदिशंखाचे वेढे मोजण्यासाठी शंख शिखराकडून, अगदी सरळ वरून पाहावा. मधला गोल जिथून वळायला लागतो तिथे एक सरळ रेषा कल्पावी आणि तिच्यापासून प्रत्येक पूर्ण फेरी एक वेढा धरून, पाव वेढ्यापर्यंत अचूक मोजावे. मधला गोल मोठा आणि वेढे एक-दीडच असतील, तर पिल्लू अंड्यातील बलकावर वाढले आणि फार दूर न जाता तळाशी बसले असे अनुमान निघते. गोल अगदी बारीक आणि वेढे अडीच-तीन किंवा त्याहून जास्त असतील, तर अळी दीर्घकाळ पाण्यात तरंगत, खात-पीत फिरली.

पुढचा शोध किती दूरवर न्यावा लागेल हे याच मोजणीवरून ठरते. अळी आठवडे न् आठवडे तरंगणारी असेल, तर तीच जाती तांबड्या समुद्रात, ओमानला, श्रीलंकेत किंवा थायलंडला आधीच सापडून नाव मिळवून बसलेली असू शकते, आणि तेवढ्या सगळ्या मुलखातील नावे तपासल्याशिवाय आपल्याला तोंड उघडता येत नाही. आखूड आदिशंख असेल, तर ती जाती थोड्याच किनाऱ्यापुरती असण्याची शक्यता वाढते आणि शोधही थोडा आटोपशीर होतो. दोन शंख बाकी सर्व बाबतींत सारखे असून आदिशंख या दोन प्रकारांत विभागलेले आढळले, तर त्या दोन वेगळ्या जाती मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो.

कुलाकुलाचे काही गुण ठाऊक असावेत. पायरॅमिडेलिडी कुलात आदिशंख पुढच्या शंखाशी काटकोनात आडवा पडलेला किंवा उलट्या दिशेने वळलेला असतो. ट्रायफोरिडी कुलातील बहुतेक शंख डावखुरे असतात, म्हणजे तोंड आपल्याकडे धरले की ते डावीकडे येते. छायाचित्र उलटे छापले गेले तर हा गुण नाहीसा होतो आणि भलत्याच शंखाला हा गुण चिकटतो, म्हणून चित्र पाठवण्यापूर्वी मूळ नमुना पुन्हा हातात घेऊन पाहावा. सीकम प्रजातीतील नळीसारखे शंख वाढताना आपले वळलेले शिखर गाळून टाकतात आणि मागचे भोक पडद्याने बुजवतात, त्यामुळे तिथे आदिशंख शोधत बसू नये; त्या पडद्याचा आणि त्यावरच्या टोकाचा आकारच ओळखीला उपयोगी पडतो.

मापे आणि चित्रे

सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेतील मोजपट्टी प्रत्येक वर्धनासाठी प्रमाणित स्लाइडवर जुळवून घ्यावी. शंखाचा अक्ष उभा आणि तोंड सरळ समोर ठेवून उंची, रुंदी व तोंडाची उंची मोजावी. शंख किंचित कलला तरी दुसऱ्या दशांश स्थानावर चूक येते, आणि दोन मिलिमीटरच्या वस्तूत ती लहान चूक नसते. शक्यतो वीस तरी शंख मोजावेत आणि लेखात सरासरीबरोबर सर्वांत लहान व सर्वांत मोठे मापही द्यावे.

बारीक नक्षीसाठी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतोच. तो विद्यापीठांच्या उपकरण केंद्रांत शुल्क भरून वापरता येतो. शंखावर सहसा सोन्याचा सूक्ष्म थर चढवतात, आणि तो थर व कार्बनच्या चिकटपट्टीची पकड या दोन्हींतून नमुना पुन्हा मूळ स्थितीत येत नाही. म्हणून सर्वांत चांगला शंख तिथे देऊ नये. किंवा थर न देता कमी निर्वातात चित्र घेणारे उपकरण मिळते का ते विचारावे. समोरून, बाजूने, मागून, शिखरावरून आणि तळाकडून अशी पाच चित्रे घ्यावीत, शिवाय आदिशंखाचे जवळून एक. या चित्रांत रंग नसतो, त्यामुळे ताज्या शंखाचे रंगीत छायाचित्र वेगळे हवे.

स्वच्छतेचा अतिरेक करू नये. अल्ट्रासाउंडच्या टाकीत पाच-दहा सेकंदांत घाण निघते, आणि एका मिनिटात ओठही निघू शकतो.

जुनी नावे

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. मोलस्काबेस या ऑनलाइन सूचीतून त्या प्रजातीतील हिंदी महासागरातील सर्व नावे काढावीत, बाद झालेलीही. कारण आज दुसऱ्याचे समानार्थी मानलेले एखादे जुने नाव आपल्याच शंखाचे असू शकते. मग प्रत्येक नावाचे मूळ वर्णन मिळवून वाचावे.

आपल्या किनाऱ्यासाठी काही जुनी कामे टाळताच येत नाहीत. मुंबईत अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी यांनी गोळा केलेल्या शंखांवरून जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांनी १८९३ मध्ये अनेक नव्या जातींची वर्णने केली. तारायंत्राच्या केबली टाकणाऱ्या जहाजाचे कप्तान टाउनसेंड यांनी इराणचे आखात आणि अरबी समुद्राच्या तळातून उपसलेल्या शंखांवर मेलव्हिल व स्टॅन्डेन यांनी १९०१ मध्ये लिहिले. ही वर्णने बहुधा लॅटिनमध्ये, चार-पाच ओळींची, आणि चित्रे नखाएवढी असतात. त्यांवरून आदिशंखाचे वेढे मोजता येत नाहीत. अशा वेळी मूळ नमुनाच पाहावा लागतो, आणि ते नमुने मुख्यतः लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये व कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयातील मेलव्हिल-टॉमलिन संग्रहात आहेत. संग्रहपालांना नम्रपणे, नेमका कोणता नमुना आणि कोणत्या बाजूचे छायाचित्र हवे हे लिहून विचारल्यास ते बहुधा मिळते. उत्तराला महिनाभर लागला तर थांबावे.

लाटांनी घासलेल्या शंखांवर नवी जाती उभारण्याचा मोह होतो, कारण नक्षी झिजली की ओळखीचा शंखही अनोळखी दिसतो. पृष्ठ खडूसारखे मलूल दिसत असेल, तर तो नमुना बाजूला ठेवावा.

होलोटाइप

नाव एका विशिष्ट शंखाशी बांधले जाते आणि तो म्हणजे होलोटाइप. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९ नंतर दिलेल्या नव्या जातीच्या नावासाठी होलोटाइप किंवा मूळ नमुने स्पष्टपणे निश्चित करणे आणि ते कोणत्या संग्रहात ठेवले आहेत किंवा ठेवले जातील हे सांगणे बंधनकारक आहे. होलोटाइप प्रौढ, ताजा आणि आदिशंख शाबूत असलेला निवडावा. शिखर तुटलेल्या सर्वांत मोठ्या शंखापेक्षा शिखर शाबूत असलेला मध्यम शंख कधीही बरा. बाकीचे शंख पॅराटाइप, आणि ते शक्यतो दोन संस्थांत विभागून द्यावेत.

भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीची माहिती नियुक्त संस्थेला कळवून तिचे नमुने तिथे जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था ही त्यांपैकी प्रमुख. तिची स्थापना १९१६ ची, मुख्यालय कोलकात्यात आणि पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नमुने परदेशी सहकाऱ्याकडे पाठवायचे असतील, तर त्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहावेत.

जमा करेपर्यंत शंख घरी असेल, तर लाकडी खणात, कापसात किंवा स्वस्त पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवू नये. त्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा दमट हवेत शंखातील कॅल्शियम कार्बोनेट खातात आणि वर पांढरी भुकटी येते. याला बाइनचा रोग म्हणतात. १८९९ मध्ये बाइन यांना हा जीवाणूंचा उपद्रव वाटला होता. दोन मिलिमीटरच्या शंखाची एका पावसाळ्यात नक्षी जाते. काचेची कुपी, कुंचल्याने हळूच आत सोडलेला शंख आणि बाहेरच्या डब्यात सिलिका जेल, एवढे पुरते. जिवंत मिळालेले प्राणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत, फॉर्मॅलिनमध्ये कधीही नको. शंखाच्या तोंडावरचे झाकण घट्ट मिटलेल्या गोगलगायीत अल्कोहोल शिरत नाही, म्हणून एखाद्या नमुन्याचा शंख मुद्दाम किंचित तडकवावा लागतो.

वर्णन लिहिणे

वर्णनाचा क्रम ठरलेला ठेवावा: एकूण आकार व माप, आदिशंख, पुढचे वेढे, त्यांवरची उभी-आडवी नक्षी, सांधे, तोंड व ओठ, बेंबी, रंग, झाकण. ‘शंख लहान, नाजूक, सुंदर नक्षीचा’ या वाक्याने काहीच कळत नाही. त्याच्या जागी असे लिहावे: ‘शंख उंच शंकूसारखा, उंची १.८४ मि.मी., रुंदी ०.९६ मि.मी.; आदिशंख १.२५ वेढ्यांचा, गुळगुळीत. पुढचे वेढे ३.५, शेवटच्यावर १६ उभ्या बरगड्या, त्यांच्यामधील जागा बरगडीच्या दुप्पट रुंद, बेंबी चिरेसारखी.’ हे आकडे नमुन्यादाखल आहेत, पण घडण अशी हवी. वाचणाऱ्याला तुमचा शंख न पाहता चित्र काढता आले पाहिजे.

त्यानंतर तुलना. संहितेनुसार वर्णनाने नव्या जातीला इतरांपासून वेगळे ठरवण्याचा प्रयत्न केलेला असणे आवश्यक आहे, आणि परीक्षक सर्वप्रथम हाच भाग वाचतो. सर्वांत जवळच्या तीन-चार जाती घेऊन प्रत्येकीशी कोणत्या मोजता येण्याजोग्या गुणात फरक आहे ते लिहावे. रंग आणि आकारमान एवढ्याच आधारावर फरक उभा राहत असेल, तर थांबावे. उंबोनियमच्या एकाच ओंजळीत दहा रंग असतात.

गंमत अशी, की संहिता वर्णनाच्या भाषेची सक्ती करत नाही. नव्या जातीचे वर्णन मराठीत छापले तरी नाव ग्राह्य ठरू शकते. मात्र जगभर वाचली जाणारी भाषा वापरावी अशी तिची शिफारस आहे, आणि मेलव्हिलचे लॅटिन उलगडताना जे हाल होतात ते आठवले की ती शिफारस पटते.

नाव

नाव रोमन लिपीत, कोणत्याही खुणांशिवाय लिहायचे असते, त्यामुळे आपला ळ आणि ण तिथे पोचत नाहीत. गावावरून नाव देताना ‘एन्सिस’ हा प्रत्यय लावतात, पण विशेषणाने प्रजातीच्या नावाचे लिंग पाळावे लागते: सीकम नपुंसकलिंगी असल्याने तिथे ‘रत्नागिरिएन्सिस’ चालत नाही, ‘रत्नागिरिएन्से’ करावे लागते. व्यक्तीवरून नाव द्यायचे तर पुरुषासाठी ‘इ’, स्त्रीसाठी ‘ए’, अनेक स्त्रियांसाठी ‘आरम’. ज्यांच्या टोपलीतील खर मागून घेतली त्या बायकांच्या नावे एखादी जाती व्हावी अशी माझी इच्छा आहे. तेच नाव त्या प्रजातीत आधी कुणी वापरलेले नाही ना, हे सूचीत पाहून घ्यावे. स्वतःचे नाव देण्यास बंदी नाही, फक्त लोक हसतात.

प्रसिद्धी

नावापुढे ही नवी जाती असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकांतील नावे २०१२ पासून ग्राह्य आहेत, पण त्यासाठी तो लेख प्रसिद्धीपूर्वी झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवलेला असला पाहिजे आणि त्या नोंदणीचा पुरावा लेखातच छापलेला असला पाहिजे. हे संपादक पाहतील असे गृहीत धरू नये. छापील मसुद्यात नोंदणी क्रमांक आहे का ते स्वतः तपासावे. तोवर नाव व्हॉट्सॲपवर, परिसंवादाच्या पोस्टरवर किंवा वर्तमानपत्राच्या बातमीत जाऊ देऊ नये. वर्णनाविना फिरलेले नाव ग्राह्य ठरत नाही, पण पुढच्या अभ्यासकाला छळत राहते.

लेख निघाला की होलोटाइपच्या कुपीत संस्थेने दिलेल्या क्रमांकाची चिठ्ठी गेली आहे आणि तो क्रमांक लेखातल्या क्रमांकाशी जुळतो हे पाहून घ्यावे. वर्णन केवळ रिकाम्या शंखांवरून केले असेल, तर पुढच्या उधाणाच्या ओहोटीला त्याच कपारीत परत जावे आणि शेवाळाचा झुबका बादलीत थोडा जास्त वेळ हलवावा.